'आगाऊ' मुली आणि एक रिकामा तास

हुशार मुलासाठी मराठी भाषेत शब्दांची वाण नाही. तो चुणचुणीत असतो, तल्लख असतो, एकपाठी असतो. त्याचे पाय म्हणे पाळण्यातच दिसलेले असतात. त्याच वयाच्या आणि तितक्याच बुद्धीच्या मुलीविषयी बोलण्याची वेळ आली की मात्र शब्द बदलतात. ती आगाऊ ठरते, चोंबडी ठरते, फार शहाणी किंवा दीडशहाणी ठरते. आणि बोलणारा मनाने उदार असलाच तर 'अकाली पोक्त' ठरते. वास्तविक पोक्तपणा हा आपल्याकडे मुलीचा गुण मानला जातो. लहान भावंडांना सांभाळणारी, पाहुण्यांपुढे चहा ठेवून मुकाट्याने आत जाणारी दहा वर्षांची मुलगी पोक्त म्हणून नावाजली जाते. पण तिने त्याच पाहुण्यांच्या संभाषणात एखादी शंका काढली की तोच पोक्तपणा 'अकाली' होतो. आक्षेप वयाला नसतो, शंकेला असतो, हे यावरून दिसून येईल.

तेरा ते अठरा या वयातील, वाचणारी, वाद घालणारी आणि ऐकलेल्या गोष्टीचे कारण विचारणारी मुलगी हा या लेखाचा विषय आहे. कथाकादंबऱ्यांतून ती भेटते आणि आयुष्यातही भेटते. मात्र या दोन भेटींत एक चमत्कारिक अंतर आहे व त्या अंतराचा विचार साहित्याच्या अभ्यासकांइतकाच अर्थशास्त्राच्या शिक्षकानेही करण्याजोगा आहे, असे वाटते.

आपल्या परंपरेत अशी मुलगी नव्हती असे कोणी म्हणू नये. मुक्ताबाईचा काळ परंपरा १२७९ ते १२९७ असा देते. म्हणजे अवघे अठरा वर्षांचे आयुष्य. ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून बसले तेव्हा त्यांची समजूत काढणारे अभंग या धाकट्या बहिणीच्या नावावर आहेत. संतमेळ्यात कोणाचे मडके कच्चे आहे हे गोरोबाकाकांनी आपल्या थापटण्याने पाहावे, ही सूचना कथेप्रमाणे तिचीच. आणि कच्चे निघाले ते नामदेवांचे. चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवाने कोरे पत्र पाठविले, तेव्हा इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असा शेरा मारणारीही तीच. पुढे चांगदेव तिचाच शिष्य झाला. या कथांतील ऐतिहासिक भाग किती हा प्रश्न बाजूला ठेवू. आपला समाज शतकानुशतके या कथा आवडीने सांगत आला, एका पोरसवदा मुलीने थोरामोठ्यांची परीक्षा घ्यावी यात त्याला काही वावगे वाटले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

पण याच कथांची दुसरी बाजू आपण सहसा पाहत नाही. मुक्ताबाई ही संन्याशाची मुलगी. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलेले, गावाने वाळीत टाकलेले, लग्नाची शक्यता नाही, सासर नाही, शेत नाही, दावणीला गुरे नाहीत. घरसंसार नावाच्या ज्या व्यवस्थेत मुलीच्या श्रमाला आणि तिच्या कुशीला किंमत असते, त्या व्यवस्थेबाहेर ती होती. म्हणून तिला बोलू देणे समाजाला परवडले. मुलगी घराच्या हिशेबात धरलेली नसली की तिची बुद्धी खपते. हिशेबात धरलेली असली की तीच बुद्धी अंगावर येते. हा नियम पुढच्या सहाशे वर्षांत फारसा बदललेला दिसत नाही. पंडिता रमाबाईंचेच उदाहरण पाहावे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्यापायी लोकनिंदा सोसली. मुलगी आईजवळ शिकली. सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी भटकत होते, त्यामुळे कोणत्याच गावाचा धाक त्यांना नव्हता. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने आईवडील गेले तेव्हा रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या. त्यानंतर भावाबरोबर पायी हिंडत त्या कलकत्त्यास पोहोचल्या आणि १८७८ साली तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. एखाद्या वाड्यात वाढलेल्या, आठव्या वर्षी बोहल्यावर चढलेल्या मुलीच्या वाट्याला असे काही येणे शक्य नव्हते.

वाड्यातल्या मुलीची कथा हरिभाऊ आपट्यांनी लिहिली. 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रात क्रमशः येऊ लागली. यमू आपली हकीकत स्वतःच्या शब्दांत सांगते आहे, हीच या पुस्तकाची थोरवी. मराठी कादंबरीत मुलीला 'मी' म्हणण्याचा अधिकार एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रथम मिळाला तो येथे. यमू सर्व काही पाहते. घरातल्या पुरुषांचा दरारा, आईचे सोसणे, भावाला मिळणारी आणि आपल्याला न मिळणारी मोकळीक, मैत्रीण दुर्गीचे नशीब हे सगळे तिच्या नजरेतून सुटत नाही. तिची निरीक्षणशक्ती असामान्य आहे. परंतु तिचे पाहणे बहुधा दुःखापाशी येऊन थांबते. नवरा समंजस निघाला म्हणून ती मुंबईत चार पुस्तके वाचते. तो गेला की वाचन संपते, केस जातात, आणि शेवटी उरते ती तिची लेखणी. वाचक रडतो. रडणे आवश्यकच होते, त्या अश्रूंनी या महाराष्ट्रात पुष्कळ काम केले आहे. पण यमू कोणाशी वाद घालून जिंकली, असे आपल्याला आठवत नाही.

वामन मल्हार जोशी यांनी ही उणीव बरीच भरून काढली. त्यांच्या 'रागिणी'तल्या (१९१५) स्त्रिया तत्त्वचर्चा करतात आणि पुरुषांच्या बरोबरीने करतात. 'सुशीलेचा देव' (१९३०) मध्ये तर एका मुलीची देवाविषयीची कल्पना लहानपणच्या भाबड्या भक्तीपासून क्रमाक्रमाने कशी बदलत जाते, हाच कादंबरीचा विषय आहे. मुलीच्या बुद्धीचा प्रवास हेच कथानक, असे धाडस त्यांच्याआधी आपल्याकडे कोणी केले नव्हते; त्यांच्यानंतरही फारसे कोणी केले नाही. वामनरावांच्या कादंबऱ्यांना चर्चाळू म्हणून नाके मुरडण्याची पद्धत आहे. मुलींना चर्चा करायला लावणारा लेखक चर्चाळू ठरावा, यातही आपला तोच जुना शब्दकोश डोकावत नाही काय?

अलीकडच्या काळात शाळकरी वयाविषयी मराठीत उत्तम लेखन झाले. प्रकाश नारायण संतांचा लंपन आणि मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'तला (२००४) मुकुंद जोशी ही पात्रे मराठी वाचकाच्या घरची झाली आहेत. पण लंपनची सुमी काय किंवा मुकुंदाची शिरोडकर काय, या दोन्ही मुली आपल्याला मुलाच्याच डोळ्यांतून दिसतात. त्या हुशार आहेत हे कळते. त्या काय विचार करतात हे मात्र कळत नाही. हा त्या लेखकांचा दोष नव्हे, त्यांनी मुलाचे मन निवडले आणि ते सच्चेपणाने रंगविले. प्रश्न एवढाच की, त्याच बाकांच्या दुसऱ्या रांगेत बसणाऱ्या मुलीने सांगितलेली तेवढीच मोठी कादंबरी आपल्याजवळ का नसावी?

इंग्रजीत हा विषय आधी आला, पण तेथेही वाट सोपी नव्हती. जॉर्ज एलियट या पुरुषी नावाने लिहिणाऱ्या बाईंच्या 'द मिल ऑन द फ्लॉस' (१८६०) मध्ये मॅगी ही भाऊ टॉमपेक्षा कितीतरी तीव्र बुद्धीची आहे. तिच्या बापाला ते ठाऊक आहे आणि त्याचीच त्याला चिंता आहे. लॅटिन आणि भूमिती शिकायला पाठविले जाते ते टॉमला, ज्याच्या डोक्यात ती शिरत नाही. भावाला भेटायला गेलेली मॅगी त्याची पुस्तके चाळते आणि त्याच्याआधी त्यांत रमते. त्यावर गुरुजींचे मत असे की, मुलींना वरवरचे चटकन समजते, खोलात त्या जाऊ शकत नाहीत. एकाच घरातील पैसा चुकीच्या मुलावर खर्च झाल्याचे इतके स्वच्छ चित्र अर्थशास्त्राच्या एखाद्या ग्रंथातही सापडणार नाही. शेवटी मॅगी पुरात बुडते. त्या मानाने शांता शेळक्यांनी 'चौघीजणी' या नावाने मराठीत आणलेली ज्यो भाग्यवान. कथा सुरू होते तेव्हा ती पंधरा वर्षांची आहे आणि एका श्रीमंत, किरकिऱ्या आत्याबाईंच्या सोबतीला राहण्याची नोकरी करते. आत्याबाईंचा डोळा लागला की ती त्यांच्या धूळभरल्या ग्रंथालयात शिरते. ज्योच्या लेखिका होण्यात त्या म्हातारीच्या दुपारच्या झोपेचा वाटा किती मोठा आहे, याचा हिशेब कोणी मांडल्याचे ऐकिवात नाही.

आता कादंबऱ्या मिटून आयुष्याकडे वळू.

१८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकाने १५ फेब्रुवारी व १ मार्च अशा दोन अंकांतून एक निबंध छापला. विषय होता मांग आणि महार यांचे दुःख. लिहिणारी होती मुक्ता साळवे, जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी मांग समाजातील चौदा वर्षांची मुलगी. जिला अक्षर दिसणेही अशक्य होते, अशा मुलीने तीनएक वर्षांच्या शिक्षणावर हा निबंध लिहिला. तो आज वाचताना प्रथम जाणवते ती तिच्या युक्तिवादाची शिस्त. वेद हे फक्त ब्राह्मणांचे, इतरांनी ते पाहूही नयेत, असे जर आहे, तर आमच्याजवळ धर्मग्रंथच नाही आणि मग आमचा धर्म तरी कोणता, असे ती देवालाच विचारते. विरोधकाचे विधान आधी मान्य करायचे आणि त्यातूनच त्याला न परवडणारा निष्कर्ष काढायचा, ही तर्कशास्त्रातील पद्धत तिला कोणी नाव घेऊन शिकविली नसेल. तिला ती सापडली. पुढे ती पेशवाईतील जुलमांचे दाखले देते. जमिनीवरून हुसकावून लावलेल्यांचे, इमारतींच्या पायांत गाडलेल्यांचे. महार स्वतःला मांगांहून श्रेष्ठ समजतात, हेही ती लपवून ठेवत नाही. आणि नंतर ती अशा एका गोष्टीकडे वळते जी त्या काळच्या कोणत्याही पुरुष सुधारकाला सुचली नसती. डोक्यावर छप्पर नसताना, पावसाथंडीत बाळंत होणाऱ्या आपल्या बायकांचे हाल ती सांगते. शेवटी आपल्या लोकांना अभ्यास करण्याची विनंती करते.

या निबंधात रडणे आहे, पण ते रडणे पुराव्यादाखल आले आहे. त्यावर निबंध उभा नाही. यमूपेक्षा पस्तीस वर्षे आधी, यमूपेक्षा शतपटीने कठीण परिस्थितीतल्या एका खऱ्या मुलीने वाद घातला होता आणि तो छापून आला होता. आपल्या कथाकादंबऱ्यांनी मात्र पुढे कित्येक वर्षे मुलीचे अश्रूच तेवढे टिपले. मी वर ज्या अंतराचा उल्लेख केला ते हेच.

मुक्ताचे दुसरे लेखन आपल्या हाती नाही. एका निबंधानंतर ती इतिहासातून दिसेनाशी होते. बुद्धी काही त्या एका निबंधाने संपली नसणार. जे संपले ते वेगळेच काही असणार. आणि ते काय असावे याचा थोडाफार अंदाज आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रावरून बांधता येतो.

आनंदीबाई या आपल्याच भागातल्या. आसनगावहून लोकल पकडणारे आमचे विद्यार्थी रोज ज्या कल्याण स्थानकात उतरतात, त्या कल्याणात यमुना जोशी या मुलीचे बालपण गेले. (हरिभाऊंच्या नायिकेचे आणि हिचे माहेरचे नाव एकच, हा योगायोगच.) १८६५ चा जन्म, नवव्या वर्षी लग्न, वर गोपाळराव हे टपाल खात्यात नोकर. बायकोला शिकवायचेच या वेडाने त्यांना झपाटले होते. अभ्यास टाकून स्वयंपाकघरात गेली म्हणून बायकोला मारणारा नवरा, अशी त्यांची ख्याती आहे आणि ती गमतीने सांगितली जाते. त्यात गंमत काही नाही. लहानपणी खाल्लेल्या त्या माराची आठवण तिने पुढे अमेरिकेहून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात स्पष्ट शब्दांत करून दिली होती. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. न्यू जर्सीतील थिओडिसिया कार्पेंटर या बाईंशी पत्रव्यवहार सुरू झाला तो १८८० साली, तेव्हा आनंदीबाई पंधरा वर्षांच्या होत्या. दोघींनी एकमेकींना पाहिलेले नव्हते. काही वर्षांपूर्वी जी भाषा कानावरही आली नव्हती, तिच्यात ही मुलगी आपल्या देशाच्या चालीरीतींविषयी, धर्माविषयी, स्त्रियांच्या आजारांविषयी लिहीत होती आणि सातासमुद्रापलीकडची एक प्रौढ बाई तिला गंभीरपणे उत्तरे देत होती.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी आपण अमेरिकेस का जातो याचे जाहीर भाषण केले. अठरावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर अवकाश होता. त्या भाषणाची रचनाही पाहण्यासारखी आहे. लोक ज्या शंका घेत होते, त्या एकेक करून तिने स्वतःच मांडल्या आणि एकेकीला उत्तर दिले. मुक्ताच्या निबंधात जी शिस्त दिसते तीच येथे आहे. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, बावीस वर्षेही पुरी झालेली नसताना, पुण्यात क्षयाने मृत्यू. कोल्हापूरच्या रुग्णालयातली नेमणूक तशीच राहिली.

आनंदीबाईंवर चरित्रे झाली, श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' (१९६८) ही कादंबरी झाली, २०१९ साली चित्रपट झाला. या सर्वांत नवरा-बायकोचे नाते मध्यभागी आहे, ते स्वाभाविकही आहे. परंतु माझ्या मते या आयुष्यातील फार मोठी घटना म्हणजे ती पत्रे. नवऱ्याने तिला वेळ मिळवून दिला, हे खरे. तो मारून मिळवून दिला, हेही खरे. पण तिच्या म्हणण्याला म्हणणे समजून उत्तर देणारे माणूस तिला भेटले ते टपालातून. कौतुक करणारे पुष्कळ असतात. शेजारीपाजारी कौतुक करतात, शाळा करते, वर्तमानपत्रे करतात. उत्तर देणारे माणूस विरळा.

अर्थशास्त्रात आम्ही दुर्मीळता हा शब्द फार वापरतो. मुलींच्या बाबतीत दुर्मीळ काय आहे? बुद्धी नव्हे. तीस-चाळीस मुलींच्या कोणत्याही वर्गात एक-दोन मुली अशा निघतातच, हे कोणताही शिक्षक सांगेल. दुर्मीळ आहे तो तिचा रिकामा तास, आणि त्या तासात तिने मांडलेल्या विचाराला उत्तर देणारे कोणीतरी.

हा तास कोठे जातो? केंद्र सरकारने २०१९ साली केलेल्या वेळेच्या पाहणीत, घरातील बिनमोलाचे काम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ९७ मिनिटे, असे आढळले. हे देशाचे आकडे. आमच्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांना ते कितपत लागू पडतात, हे उन्हाळ्यात येऊन पाहावे. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातली; मुंबईचे नळ त्यांवर चालतात. आणि त्याच तालुक्यात एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते. त्या रांगेत बाप्ये क्वचित दिसतात. परीक्षेच्या दिवसांत हातात पुस्तक घेऊन रांगेत उभी राहिलेली मुलगी दिसते. अनेकांना ते दृश्य स्फूर्तिदायक वाटते; वाटो. मला ते एका अत्यंत महाग वस्तूच्या उधळपट्टीचे दृश्य वाटते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात तेव्हा मुलीही जातात. त्यांच्यातल्या एखाद्या मुक्तेचा निबंध शाळेच्या हजेरीपटापर्यंतही पोहोचत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. बारावीच्या वर्गात राष्ट्रीय उत्पन्न शिकवीत होतो. या विषयात पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचे एक जुने उदाहरण सांगण्याची प्रथा आहे. एखाद्या गृहस्थाने आपल्या घरकाम करणाऱ्या नोकराणीशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते. कारण काम तेच राहिले तरी पगार बंद झाला. वर्ग हसतो आणि तास पुढे सरकतो. त्या दिवशी डोळखांबच्या बाजूने येणारी एक मुलगी उभी राहिली. तिने विचारले, "सर, टँकरवाल्याचा पगार उत्पन्नात धरतात. टँकर आला नाही तर आम्ही डोक्यावरून आणतो ते पाणी का धरत नाहीत? आणि ते धरलेच नाही, तर टँकर न आल्याने नुकसान झाले, हे सरकारला कळणार कसे?" वर्गात मागून कोणीतरी "शहाणी गं बाई" म्हणाले. पण प्रश्नाचा दुसरा भाग पाठ्यपुस्तकात नव्हता. जे मोजले जात नाही त्याची हानीही मोजली जात नाही, या मुद्द्यावर जगभरच्या अभ्यासकांनी मोठमोठे ग्रंथ लिहिले आहेत. ही मुलगी तेथे हंड्याच्या वाटेने आली होती. त्यानंतर आठवड्यातून एक-दोनदा ती ग्रंथालयात थांबून काहीबाही वाचू लागली, प्रश्न लिहून आणू लागली. पण गावाकडे जाणारी शेवटची सोयीची गाडी लवकर निघे आणि ग्रंथालयातला तिचा वेळ वीस मिनिटांवर येई. बारावी चांगल्या गुणांनी पास झाली. पुढच्या वर्षीच्या प्रवेशयादीत नाव नव्हते. लग्न ठरल्याचे मैत्रिणींकडून कळले. अठरा पुरी झाली होती, कायद्याने काही गैर नव्हते.

कायदा मोडला जातो तेथेही परिस्थिती सुखावह नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठराव्या वर्षाआधी झाली होती. म्हणजे पाचांत एकीहून अधिक. आनंदीबाईंच्या पदवीनंतर सव्वाशेहून अधिक वर्षे लोटल्यावरचा हा आकडा आहे.

यावर कोणी म्हणेल की, परिस्थिती एवढी निराशाजनक नाही. दहावीचे निकाल लागले की 'मुलींची बाजी' हा मथळा दरवर्षी ठरलेला असतो. मुलींना बारावीपर्यंत फी नाही, ग्रामीण मुलींना एसटीचा पास मोफत आहे, २०२४ पासून ठरावीक उत्पन्नाच्या आतील घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फीही माफ झाली आहे. ही सर्व पावले योग्य आहेत आणि त्यांचे मोल मी कमी लेखणार नाही. परंतु गुण आणि बुद्धी यांत गल्लत होऊ नये. आमची परीक्षापद्धती सांगितले तेवढे नीट, सुवाच्य अक्षरात लिहिणाऱ्यास गुण देते. आणि सांगितले तेवढे नीट करणे ही गोष्ट मुलींना घरातूनच शिकविलेली असते. त्यामुळे गुणवत्ता यादीतली मुलगी आणि आगाऊ मुलगी या पुष्कळदा दोन निराळ्या मुली असतात. पहिलीचे आपण पेढे वाटतो. दुसरी बहुधा साठ टक्क्यांच्या आसपास असते, कारण उत्तरपत्रिकेत तिने एखाद्या प्रश्नावरच आक्षेप घेतलेला असतो.

आणि फी माफ करता येते, तास माफ करता येत नाही. तो घरातून काढावा लागतो. म्हणजे भावाने हंडा उचलावा लागतो, बापाने भाकरीसाठी थांबावे लागते. येथे सरकारचा हात पोहोचत नाही. गाडीच्या वेळापत्रकापर्यंत, नळापर्यंत आणि ग्रंथालयाच्या वेळेपर्यंत मात्र तो जरूर पोहोचू शकतो. मुलींच्या शिक्षणाच्या चर्चेत या तीन वेळांचा विषय कोणी काढीत नाही, कारण तो फारच क्षुल्लक वाटतो. ज्योच्या आत्याबाईंची झोपही क्षुल्लकच होती.

राहता राहिला उत्तर देणाऱ्याचा प्रश्न. तो आम्हा शिक्षकांचा आहे. वर्गात मुलीने शंका काढली की आम्ही दोनच गोष्टी करतो: हसून सोडून देतो किंवा टाळ्या वाजवायला लावतो. दोन्हींत तिच्या शंकेला उत्तर मिळत नाही. 'ज्ञानोदय'च्या संपादकांनी मुक्ताच्या निबंधाला दोन अंकांतली जागा दिली, तेव्हा त्यांच्यासमोर कौतुकाचा प्रश्न असेलच. पण त्यांनी तो मजकूर प्रौढ लेखकाच्या मजकुरासारखा छापला, म्हणून तो आज आपल्याजवळ आहे. नाहीतर एका बुद्धिमान मांग मुलीने काही छान लिहिले होते, एवढीच आठवण कोणाच्या तरी चरित्रात उरली असती.

महाविद्यालयांच्या वार्षिक अंकांत मुलींच्या नावावर काय छापले जाते, ते सर्वांना ठाऊक आहे. आईवरची कविता, पावसावरची कविता, सुविचार, आणि एखादी सहलीची हकीकत. आमच्याकडे यंदा आलेल्या हस्तलिखितांत अकरावीच्या एका मुलीचा अकरा पानी लेख आहे. आपल्या पाड्यावर मे महिन्यात दर घरी पाण्यासाठी किती फेऱ्या होतात, त्या कोण मारते आणि त्या वेळात दुसरे काय झाले असते, याची तिने घरोघर जाऊन टिपणे केली आहेत आणि शेवटी तक्ता जोडला आहे. तक्त्यात दोन ठिकाणी बेरीज चुकली आहे. लेख चार पानांत बसविता येईल काय, असे संपादक मंडळात विचारले गेले. त्याची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. तोपर्यंत बेरजा दुरुस्त करून आणण्यास तिला सांगितले आहे.